अकरा किलो इंग्रजी

आमच्या घरी इंग्रजी शब्दांचं स्टॉक रजिस्टर आहे, हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. तरी बंगळूरच्या राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांना माहीत आहे, कारण प्रतिमा, म्हणजे आमची ही, ते आपणहून सगळ्यांना सांगते.

सुरुवात आमच्या चिरंजीवांनी केली. ध्रुव महादेवपुऱ्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि रविवारी जेवायला येतो. निवृत्त झाल्यावर हाताशी वेळ होता म्हणून मी त्याला एकदा ई-मेल पाठवली. 'विषय: रविवारच्या भोजनाबाबत. संदर्भ: आपले दूरध्वनीवरील संभाषण. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की वांग्याचे भरीत करण्यात येत आहे.' अर्थात हे सगळं इंग्रजीत. त्यानं ती ऑफिसात चार जणांना दाखवली आणि रविवारी भरीत खाता खाता म्हणाला, "बाबा, डोंट माइंड, पण तुमचं इंग्लिश एकदम टेंडर नोटीस वाटतं."

मी माइंड केलं. छत्तीस वर्षं एका सरकारी कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी खात्यात मी याच इंग्रजीवर काढली. आम्ही क्रेन बनवायचो. माझ्या इंग्रजीतला एकही अहवाल कधी परत आला नाही आणि एकही क्रेन कधी पडली नाही. पण मुलानं बोललेलं लागतं ते लागतंच. त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या रद्दीच्या दुकानात कुठल्याशा शाळेनं मोडीत काढलेलं वाचनालय येऊन पडलं होतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबऱ्या, सुतळीनं बांधलेल्या. रद्दीवाल्याच्या काट्यावर भरल्या अकरा किलो साडेतीनशे ग्रॅम. घरी येऊन मी सवयीप्रमाणे पुन्हा वजन केलं, तर अकरा किलो दोनशे. दीडशे ग्रॅम अभिजात साहित्य वाटेत कुठे सांडलं हे मला अजून कळलेलं नाही. प्रतिमा म्हणाली, "धूळ उडाली असेल."

आता त्या कादंबऱ्यांविषयी मी काही वाईट बोलणार नाही. पहिल्या कादंबरीत एक बाई दुसऱ्या बाईकडे चहाला जाणार असं पान सातवर ठरतं आणि ती पान एकाहत्तरवर पोचते. पण मधल्या चौसष्ट पानांत शब्द काय एकेक. असिड्यूअस म्हणजे चिकाटीनं काम करणारा. अलॅक्रिटी म्हणजे हसतमुख तत्परता. लुगुब्रिअस म्हणजे रडव्या चेहऱ्याचा. आमच्याकडे या तिन्ही प्रकारचे लोक छत्तीस वर्षं कामाला होते आणि त्यांना काय म्हणायचं हे मला माहीत नव्हतं.

शब्द नुसते वाचून काय उपयोग? माल आला की त्याची नोंद झाली पाहिजे. मी दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि रेघा मारल्या. अनुक्रमांक, आवक तारीख, शब्द, अर्थ, वापर एक, वापर दोन, वापर तीन, साक्षीदाराची सही, शेरा. जिवंत माणसावर तीनदा वापरल्याशिवाय शब्दाची नोंद बंद करायची नाही असा नियम केला. साक्षीदार अशासाठी, की आपल्या कामाची तपासणी आपणच करायची नाही हा आमच्या खात्यातला पहिला धडा. नवीन आलेल्या प्रत्येक ट्रेनीला मी तो पहिल्या दिवशी शिकवायचो. दक्षता हा माझा स्वभावच. हॉलमध्ये टीव्हीच्या वर माझं प्रशस्तिपत्रही आहे, 'असाधारण दक्षतेबद्दल', महाव्यवस्थापकांच्या सहीचं, सोनेरी चौकटीत. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून आम्ही सोफा बरोबर त्याच्यासमोर ठेवला आहे. साक्षीदार म्हणून मी प्रतिमाची नेमणूक केली. ही माझी पहिली चूक. शेऱ्याचा रकाना मी तिच्यासाठी रुंद ठेवला, ही दुसरी.

गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्याला मी म्हणालो, "आय ॲडमायर युअर अलॅक्रिटी." बिचाऱ्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "सर, कंप्लेंट मात्र देऊ नका." शेरा: 'सिलिंडर नेहमी आत आणून ठेवतो, या वेळी दारातच ठेवून गेला.' आमच्या सकाळच्या फिरण्यातले हणमंतराव, मूळचे बेळगावचे, ज्येष्ठ नागरिकांच्या ओळखपत्रावरचा आपला फोटो दाखवत होते. मी लुगुब्रिअस वापरला. शेरा: 'अर्थ विचारला. यांनी सांगितला. चहा न घेता गेले.' आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात आभार मानताना मी एका दमात पाच शब्द मार्गी लावले. तिसऱ्या शब्दाला लोकांना वाटलं भाषण संपलं, आणि टाळ्या वाजवून सगळे फराळाकडे गेले. शेरा: 'वापर ग्राह्य. ऐकायला फक्त मी.'

मग विजेचा खांब. आमच्या घरासमोरचा खांब आप्पाजींच्या फाटकाकडे झुकला होता. आप्पाजी आमचे समोरचे शेजारी. त्यांचं घराणं चार पिढ्या बंगळूरातलं, घरात मराठी, दारात कन्नड. अर्ज लिहायला त्यांनी मला सांगितलं. मी लिहिला. खांबाची प्रिकॅरिअस म्हणजे डळमळीत अवस्था, रहिवाशांची पर्पेच्युअल म्हणजे अखंड चिंता, असं दीड पान. वीज कार्यालयातल्या कारकुनानं ते दोनदा वाचलं, उठून उभा राहिला आणि साहेबांकडे घेऊन गेला. परत येऊन अदबीनं म्हणाला, "सर, हे वकिलांचं दिसतं. आम्ही लीगल सेक्शनला पाठवतो." गेले पाच महिने आमचा खांब लीगल सेक्शनला आहे, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात तो आप्पाजींच्या फाटकावरच आहे. आप्पाजी रागावले नाहीत. त्यांनी स्कूटर तेवढी आमच्या आवारात आणून लावली.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका संध्याकाळी आप्पाजी नातीला घेऊन आले.

"उमाकांतराव, स्वल्प काम होतं," ते म्हणाले.

श्रीविद्या त्यांची नात. आईवडील नाहीत, आजोबांनीच वाढवली. तीन वर्षांपूर्वी ती आमच्या कारखान्यात वर्षभर ट्रेनी होती, माझ्याच हाताखाली. कारखान्यात मला सर म्हणायची आणि गल्लीत काका. बोलायला कमी. आमच्याकडे आली की सोफ्यावर कधी बसायची नाही. दाराजवळच्या स्टुलावर, टीव्हीकडे पाठ करून बसायची. मी तो तिचा संकोच समजत असे.

तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश हवा होता, शिष्यवृत्तीसकट. शिष्यवृत्तीशिवाय जाणं आप्पाजींच्या आवाक्याबाहेरचं. त्यासाठी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचं शिफारसपत्र लागत होतं.

"काका, तुम्हाला वेळ असेल तर," ती म्हणाली. "नसेल तर राहू दे."

वेळ? मला इंग्लंडला पत्र लिहायचं होतं. खुद्द इंग्रजांना. रजिस्टरमध्ये एकेचाळीस शब्द वापराअभावी उघडे पडून होते, आणि राजाजीनगरात ते खपवायला आता माणूस उरला नव्हता. मला पाहिलं की लोक पलीकडच्या फुटपाथवर जायचे.

दुसऱ्या दिवशी फिरताना हणमंतरावांचाही सल्ला घेतला. लुगुब्रिअसनंतर ते माझ्याशी जेमतेम बोलायला लागले होते. म्हणाले, "इंग्रजाला इंग्रजीच घालायची बघ. पाहुण्याला त्याच्या घरचं वाढलं की तो खूश."

पत्र लिहायला मला चार दिवस लागले. श्रीविद्येची बुद्धी परस्पिकेशस म्हणजे कुशाग्र, उद्योग असिड्यूअस, स्वभाव एमिएबल म्हणजे लाघवी आणि समचित्तता, म्हणजे इक्वॅनिमिटी, प्रोडिजिअस म्हणजे अफाट. सव्वीस शब्द एका फटक्यात मार्गी लागले. विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: उमेदवाराच्या कामातला एखादा प्रत्यक्ष प्रसंग सांगा. तिथे माझं पेन थोडं अडलं. प्रसंग आठवला नाही असं नाही. पण प्रसंगात शब्द मावत नव्हते, असं मी स्वतःला सांगितलं आणि तिथे तिच्या निष्ठेवर एक लांबलचक वाक्य टाकलं, ज्यात चार स्वल्पविराम आणि दोन अर्धविराम होते. प्रतिमानं साक्षीदार म्हणून सव्वीस सह्या केल्या आणि शेरा लिहिला: 'ही कोणती मुलगी? आपल्या समोरची नव्हे.'

दहा दिवसांनी श्रीविद्या फोन हातात घेऊन आली. स्टुलावर बसली. विद्यापीठाचं उत्तर आलं होतं. भाषा अतिशय सभ्य होती, एकही अवघड शब्द नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की सदर शिफारसपत्र माणसानं लिहिलेलं नसून यंत्राकडून लिहून घेतलेलं आहे असं त्यांच्या तपासणीत दिसतं. अशा पत्रावर अर्ज पुढे नेता येत नाही. सात दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास शिष्यवृत्तीचा विचार बंद करण्यात येईल.

मी ते तीनदा वाचलं. लहानपणी शाळेत कॉपी केल्याचा आळ माझ्यावर एकदा आला होता. तेव्हाही मी कॉपी केली नव्हती, पण तेव्हा निदान आळ माणसाची कॉपी केल्याचा होता. अकरा किलो दोनशे ग्रॅम पुस्तकं मी चष्म्याचा नंबर वाढवून घेऊन वाचली, हातानं रेघा मारल्या, आणि हे मला यंत्र म्हणत होते.

रविवारी ध्रुवनं ते पत्र त्याच्या फोनवरच्या कसल्याशा तपासनिसात घातलं.

"बाबा, नाइंटी-एट पर्सेंट मशीन."

"आणि उरलेले दोन टक्के?"

"ती तुमची सही असणार."

प्रतिमा हसली. मी हसलो नाही, कारण श्रीविद्या दारातून ऐकत होती, आणि तीही हसली नाही.

त्यानंतरचे दिवस मी माणूस असल्याचा पुरावा गोळा करण्यात गेले. आपल्या देशात माणूस मेल्याचं प्रमाणपत्र मिळतं, राहत असल्याचं मिळतं, पेन्शनीसाठी जिवंत असल्याचंही मिळतं. माणूस असल्याचं मिळत नाही. आप्पाजींचं मत नोटरी करून घ्यावं असं पडलं. "शिक्का बघितला की सरी, बरोबर आहे, म्हणतील," ते म्हणाले. नोटरीनं पत्र उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "सर, सही तुम्ही केली एवढं मी लिहून देतो. पत्र तुम्ही लिहिलं हे मी कसं सांगणार? मी काय तुमच्या डोक्यात बसलो होतो?" कायद्याला धरून होतं.

हणमंतराव म्हणाले, "चुका घाल रे. माणूस आहेस ना? दोन स्पेलिंगं बिघडव, एक कर्ता पळव, झालं." मी प्रयत्न केला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला मुद्दाम चूक करणं काय जड जातं ते मला विचारा. एक स्पेलिंग बिघडवलं, चहा प्यायलो, आणि परत येऊन दुरुस्त केलं.

विद्यापीठाची आणखी एक अट होती. पत्र कारखान्याच्या अधिकृत ई-मेलवरून यावं. माझी अधिकृत ई-मेल मी निवृत्त झालो त्याच दिवशी पाच वाजता बंद झाली होती. मी कारखान्याच्या फाटकावर गेलो. पहारेकऱ्यानं सलाम केला, कारण तो मला वीस वर्षं ओळखत होता, आणि आत सोडलं नाही, कारण पास नव्हता. पास आतून ई-मेल आली तरच मिळतो. आतून ई-मेल यायला मी आत ई-मेल करायला हवी. ती मी अधिकृत पत्त्यावरूनच करू शकतो. हा नियम मीच सुरक्षा समितीत असताना सुचवला होता, अशी आठवण पहारेकऱ्यानं मला आदरानं करून दिली. बसच्या थांब्यावर तासभर उभा राहून मी घरी परतलो.

शेवटी विद्यापीठानंच मार्ग काढला. गुरुवारी आपल्या वेळेप्रमाणे दुपारी साडेतीनला व्हिडिओवर पंधरा मिनिटं बोला, उमेदवार समोर नको. बस्स, एवढंच.

गुरुवारी तीन वाजल्यापासून आमच्या घरी लग्नघर होतं. ध्रुवनं रजा टाकून लॅपटॉप जुळवून दिला. आप्पाजी इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसले. हणमंतराव आपल्याला कुणी बोलावलं नसल्याचा उल्लेख करत आले आणि त्यांच्या शेजारी बसले. प्रतिमानं चकल्या ठेवल्या. श्रीविद्येला स्वयंपाकघरात बसवलं. लॅपटॉप कुठे ठेवायचा यावर थोडी चर्चा झाली आणि हणमंतरावांनी सुचवलं, "मागे सर्टिफिकेट दिसू दे की. बघू दे त्यांना, कोण माणूस आहे तो." मला ते पटलं. म्हणून मी टीव्हीला पाठ करून बसलो, डोक्यावर सोनेरी चौकट, मांडीवर रजिस्टर. समोर सोफ्यावर दोन म्हातारे. त्यांच्या पलीकडे स्वयंपाकघराचं दार, आणि दारात श्रीविद्येचा गुडघा तेवढा दिसत होता.

पडद्यावर एक पन्नाशीची बाई आली. साधा स्वेटर, विस्कटलेले केस. मी रजिस्टर उघडून दाखवलं, एकेका नोंदीसकट. तिनं रकान्यांची नावं विचारून घेतली, शेऱ्याचा अर्थ विचारला. मी सिलिंडरवाल्याचा शेरा इंग्रजीत सांगितला तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. म्हणाली, हे पत्र तुम्हीच लिहिलं याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. कुठलंही यंत्र इतके कष्ट घेणार नाही.

मी सोफ्याकडे पाहिलं. आप्पाजींनी हणमंतरावांच्या मांडीवर थाप मारली. माझा मान मला परत मिळाला होता. गोष्ट इथे संपती तर मी ती अधिक उत्साहानं सांगितली असती.

"पण," ती बाई म्हणाली, "पत्रातून ती मुलगी मला दिसत नाही. तुमच्या साध्या शब्दांत सांगा, तिनं केलेलं एखादं काम."

मी तोंड उघडलं. परस्पिकेशस आला, मागून असिड्यूअस आला, आणि दोघे दारात अडकले. मी म्हणालो, "शी वॉज... व्हेरी..." आणि थांबलो. बाईनं मला मदत म्हणून विषय बदलला. "मागे भिंतीवर काय आहे?"

"सर्टिफिकेट ऑफ व्हिजिलन्स," मी सवयीनं म्हणालो. हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकतो. "क्रेनच्या हुकांमधले तडे शोधल्याबद्दल. चाळीस हूक, सात तडे."

"वा. तुम्ही शोधलेत?"

स्वयंपाकघराच्या दारातला गुडघा आत सरकला.

मार्च एंड होता, तीन वर्षांपूर्वीची सत्तावीस तारीख. आमच्या कारखान्यात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माल बाहेर पडला नाही तर वर्षाचा आकडा पडतो, आणि आकडा पडला की सगळ्यांचीच तोंडं पडतात. चाळीस हूक बाहेरून बनून आले होते. मी चार तपासले आणि चाळीसवर सही केली. मार्चमध्ये सगळेच करायचे. दुसरी सही ट्रेनीची लागायची. श्रीविद्येनं सही करायच्या आधी चाळीसही हूक तपासायला घेतले. लाल द्रावण लावायचं, पुसायचं, वर पांढरी पूड मारायची. तडा असला की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पाचव्याच हुकावर उमटली. केसाएवढी. तिनं मला बोलावलं. मी बघितली आणि म्हणालो, ओरखडा आहे, सही कर. ती म्हणाली, "सर, ओरखडा असता तर पुसल्यावर गेला असता." मी सहा जणांदेखत आवाज चढवला. ती रडली नाही, उलट बोलली नाही. नापास मालाचा लाल टॅग हातात धरून उभी राहिली, पण सही केली नाही. ट्रक तसाच थांबला. दोन दिवसांनी सगळे हूक पुन्हा तपासले तेव्हा सात निघाले. वर अहवाल गेला तो खात्याच्या नावानं, म्हणजे माझ्या. बक्षीस आलं तेही. मी ते घेतलं. आणि तिच्या ट्रेनिंगच्या दाखल्यावर मी शेरा मारला होता 'समाधानकारक', तो बदलायचा राहून गेला. राहून गेला म्हणजे मी बदलला नाही.

एवढं सगळं मी त्या बाईला किती वेळात सांगितलं कोण जाणे. इंग्रजीत सांगितलं, पण रजिस्टरमधला एकही शब्द लागला नाही. "शी फाउंड द क्रॅक. आय डिड नॉट. आय सेड, साइन. शी डिड नॉट साइन." शेवटी म्हणालो, "मॅडम, धिस सर्टिफिकेट इज हर्स." लाज वाटत होती. सोफ्याकडे बघायची हिंमत नव्हती.

बाई बराच वेळ लिहीत होती. मग म्हणाली, "हेच लिहून पाठवा. आजच. एकही विशेषण घालू नका."

पडदा काळा झाला. हणमंतरावांच्या हातात अर्धी चकली तशीच होती. आप्पाजी जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या वर्षी पोर आठ दिवस धड जेवली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, कॅन्टीनमध्ये जास्त खाल्लं आप्पाजी." मग ते उठले. मला वाटलं, जातात आता, पुन्हा येत नाहीत. ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि नातीजवळ बसले. मला छळायची एकही संधी न सोडणारी प्रतिमा चकल्यांची ताटली उचलून आत गेली, आणि ते मला जास्त लागलं.

पत्र मी तासाभरात लिहिलं. अकरा ओळी. विषय: कुमारी श्रीविद्या यांच्या कामाबाबत. संदर्भ: आपले आजचे संभाषण. ध्रुवनं न सांगता ते तपासनिसात घातलं.

"झीरो पर्सेंट मशीन," तो म्हणाला. "टेंडर नोटीसच आहे बाबा, पण ह्यूमन आहे." मग खांद्यावर हात ठेवला. एरवी तो असलं काही करत नाही.

तीन आठवड्यांनी निवड झाल्याचं कळलं. शिष्यवृत्तीसकट. आप्पाजींनी गल्लीत म्हैसूरपाक वाटला, आम्हाला सगळ्यांत आधी. त्याच उत्साहात मी खांबाचा नवा अर्ज दिला: 'खांब वाकला आहे. पडेल.' चौथ्या दिवशी माणसं आली आणि खांब सरळ करून गेली. जुना अर्ज अजून लीगल सेक्शनला आहे.

जायच्या आदल्या दिवशी श्रीविद्या निरोप घ्यायला आली. मी तयारीत होतो. कपाटातल्या जुन्या सामानातून एक कोरा लाल टॅग शोधून काढला होता. नाकारलेला माल आमच्याकडे फेकून देत नसत. लाल टॅग लावून, सगळ्यांना दिसेल असा वेगळा ठेवत. मी तो टॅग भरून सोनेरी चौकटीच्या खिळ्याला अडकवला होता. माल: प्रशस्तिपत्र, नग एक. दोष: नाव चुकीचे. नाकारणार: उमाकांत. खाली दुसऱ्या सहीची जागा रिकामी होती.

"आपल्या कामाची तपासणी आपण करायची नाही," मी म्हणालो आणि पेन पुढे केलं.

ती स्टुलावरून उठली. टॅग खिळ्यावरून काढून उजेडात नेला. वरपासून खालपर्यंत वाचला. उलटा करून मागची बाजू पाहिली. मी पेन धरून उभा. तीन वर्षांपूर्वीही मी असाच पेन धरून उभा होतो.

"सर, तारीख चुकली आहे," ती म्हणाली. "तुम्ही आजची घातली. सत्तावीस मार्च हवी."

बरोबर होतं तिचं. मी आजची तारीख खोडली, सत्तावीस मार्च लिहिलं, वर्ष लिहिलं, खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली. तिनं ती नीट पाहून घेतली. मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि दुसऱ्या सहीच्या जागी सही केली. टॅग पुन्हा खिळ्याला अडकवून ती पहिल्यांदाच सोफ्यावर बसली, आणि प्रतिमाला म्हणाली, "काकू, चहा स्वल्प चालेल."